डुकराच्या फुफ्फुसापासून उंदराच्या जनुकापर्यंत

सस्तन प्राण्याच्या फुफ्फुसात हवा आणि रक्त जिथे एकमेकांजवळ येतात ते वायुकोश आतून सदैव ओले असतात. एकेका वायुकोशाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि माणसाच्या दोन फुफ्फुसांत असे कोट्यवधी वायुकोश. ओल्या पृष्ठभागाला ताण असतो, आणि तो पृष्ठभाग बुडबुड्यासारखा वाटोळा असला की हा ताण त्याला आत ओढतो. बुडबुडा जितका लहान तितकी ही ओढ जास्त, असा लाप्लासचा नियम आहे. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७० डाइन प्रति सेंटिमीटर. वायुकोशांत नुसते पाणी असते, तर प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी लहान वायुकोश मिटून गेले असते आणि पुढच्या श्वासाला ते उघडण्यासाठी छातीच्या स्नायूंना जिवाचा आटापिटा करावा लागला असता. तसे होत नाही, कारण वायुकोशांच्या भिंतीतल्या ‘टाइप टू’ नावाच्या पेशी एक स्निग्ध द्रव्य पाझरवतात. त्याचे नाव सरफॅक्टंट. त्यात नऊ भाग मेद आणि एक भाग प्रथिने. या प्रथिनांपैकी चार सरफॅक्टंटची खास प्रथिने मानली जातात: एसपी-ए, एसपी-बी, एसपी-सी आणि एसपी-डी.

ही प्रथिने कोणत्या जनुकांवरून तयार होतात, ती जनुके फुफ्फुसाच्या नेमक्या कोणत्या पेशीत आणि गर्भाच्या कितव्या दिवशी जागी होतात, हे कळायला साठ-सत्तर वर्षे लागली. हा शोध डुक्कर, ससा, कुत्रा, गाय, मेंढी आणि उंदीर यांच्या फुफ्फुसांवर झाला. त्यात सर्वांत आधी सापडलेले आणि सर्वांत मुबलक असलेले प्रथिन फारसे अत्यावश्यक निघाले नाही. मेदात दडून बसलेले आणि अनेक वर्षे कोणाच्या नजरेत न आलेले प्रथिन मात्र असे निघाले की त्याच्यावाचून पहिला श्वाससुद्धा टिकत नाही.

सुरुवात १९२९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाली. कुर्ट फॉन नीरगार्ड या वैद्याने डुकराची फुफ्फुसे घेतली. आधी ती हवेने फुगवली आणि त्यासाठी किती दाब लागतो ते मोजले. मग त्यांतली हवा काढून तीच फुफ्फुसे डिंकाच्या द्रावणाने भरली. द्रव भरला की हवा आणि पाणी यांच्यामधली सीमाच उरत नाही, म्हणजे पृष्ठताणही उरत नाही. द्रवाने फुगवायला लागलेला दाब हवेच्या मानाने पुष्कळच कमी भरला. फुफ्फुस आक्रसते ते त्यातल्या लवचीक तंतूंमुळे, अशी तोवरची समजूत होती. नीरगार्डने दाखवले की त्या ओढीचा मोठा वाटा पृष्ठताणाचा आहे. फुफ्फुसात हा ताण कमी करणारे काहीतरी असावे आणि नवजात बाळाच्या फुफ्फुसाच्या संदर्भात याचा विचार व्हावा, असेही त्याने सुचवले. लेख जर्मन भाषेत होता. तो पाव शतक जवळजवळ कोणी वाचलाच नाही.

मधल्या काळात, १९४७ मध्ये, अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ पीटर ग्रुएनवाल्ड यांनी मृत नवजातांच्या फुफ्फुसांवर तशाच प्रकारचे काम करून तोच निष्कर्ष काढला. त्याकडेही दुर्लक्ष झाले. या विषयाला गती मिळाली ती निराळ्याच दिशेने, विषारी वायूंच्या अभ्यासातून.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या पोर्टन डाउन येथील लष्करी प्रयोगशाळेत रिचर्ड पॅटल फुफ्फुसात पाणी साचण्याच्या विकारावर काम करत होते. विषारी वायूने फुफ्फुस भाजले की श्वासनलिकेत फेस येतो. हा फेस मोडणारे औषध शोधायचे होते. पॅटल यांनी सशाच्या फुफ्फुसातला फेस घेतला, तेव्हा त्याचे सूक्ष्म बुडबुडे काही केल्या फुटेनात. फेस मारणारी रसायने घालूनही उपयोग होईना. एवढे बारीक बुडबुडे पाण्यात तासन्‌तास टिकतात, याचा अर्थ त्यांच्या पृष्ठभागाचा ताण शून्याजवळ पोहोचला आहे, हे त्यांनी हेरले. १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा छोटा लेख आला. बुडबुड्याभोवतीचा थर प्रथिनाचा असावा, असे त्यांना वाटत होते. पुढची अनेक वर्षे रसायनशास्त्रज्ञांनी सगळे लक्ष मेदावर दिले आणि प्रथिनाचा हा धागा मागे पडला.

अमेरिकेत मेरीलँडमधल्या एजवुड येथील लष्करी केंद्रात जॉन क्लेमेंट्स हेच कोडे सोडवत होते. त्यांनी एक साधे उपकरण बांधले. उथळ कुंडात मिठाचे पाणी, त्यावर फुफ्फुसाच्या अर्काचा थर, त्यात बुडवलेली प्लॅटिनमची पातळ पट्टी आणि पृष्ठभाग आक्रसवणारा-पसरवणारा एक सरकता आडणा. पट्टीवर येणारी ओढ म्हणजे पृष्ठताण. उंदीर, मांजर आणि कुत्रा यांच्या फुफ्फुसांचा अर्क त्यांनी या कुंडात तपासला. पृष्ठभाग पसरलेला असताना ताण ४६ डाइनच्या आसपास भरे, आणि तोच पृष्ठभाग आक्रसवला की १० डाइनपर्यंत उतरे. म्हणजे वायुकोश लहान होऊ लागला की त्याला मिटवणारी शक्तीही त्याच वेळी घटते. १९५७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस हार्वर्डहून एक तरुण बालरोगतज्ज्ञ एजवुडला क्लेमेंट्स यांचे उपकरण पाहायला आली. मेरी एलन एव्हरी तिचे नाव. दिवस पुरे न भरलेली बाळे जन्मल्यावर काही तासांत धाप लागून निळी पडत. शवविच्छेदनात त्यांच्या मिटलेल्या फुफ्फुसांत काचेसारखे चकचकीत पापुद्रे दिसत. त्यावरूनच या आजाराला हायलाइन मेंब्रेन डिसीज हे नाव पडले होते. वैद्यांचे सारे लक्ष त्या पापुद्र्यांवर होते: ते कुठून येतात, कशाचे बनतात. या बाळांच्या फुफ्फुसांत फेस मुळीच नसतो, ही बाब एव्हरीच्या मनात घर करून होती. तिने बॉस्टनमध्ये तसेच कुंड उभारले आणि दगावलेल्या बाळांच्या फुफ्फुसांचे तुकडे बारीक करून त्यांचा अर्क त्यात सोडला. मोठ्या मुलांच्या आणि इतर कारणांनी गेलेल्या बाळांच्या अर्काचा ताण उतरत असे. या बाळांच्या अर्काचा ताण मात्र वरच अडकून राही. एव्हरी आणि जेरे मीड यांचा लेख १९५९ मध्ये आला. आजाराचे मूळ काहीतरी नको ते साचण्यात नसून हवे ते नसण्यात आहे, हे त्या लेखाने सांगितले. नवजातांच्या वैद्यकात याच्या तोडीचे लेख थोडेच सापडतील.

ते ‘हवे ते’ काय, याचे पहिले उत्तर गाईच्या फुफ्फुसातून मिळाले. १९६१ मध्ये मार्शल क्लाऊस, क्लेमेंट्स आणि रिचर्ड हॅवेल यांनी गाईच्या फुफ्फुसातून सक्रिय पदार्थ वेगळा केला. त्यातला मुख्य घटक डायपामिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन नावाचा मेद निघाला. कामगिरी मोठी होती, पण तिच्यातून एक सोपी समजूतही रुजली की हा मेद दिला म्हणजे काम भागले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच आजाराने ३९ तासांत गेला. देशातले सर्वोत्तम वैद्यक दाराशी उभे असूनही त्याच्यासाठी काही करता आले नाही. या मृत्यूनंतर संशोधनाला वेग आला. सिंगापूरमध्ये आजारी नवजातांना या मेदाचा फवारा देऊन पाहिला गेला. १९६७ मध्ये निष्कर्ष आले ते निराशाजनक होते.

अपयशाचे कारण आज स्पष्ट दिसते. हा मेद शुद्ध स्वरूपात ४१ अंश सेल्सिअसला वितळतो. शरीराच्या ३७ अंशांना तो घट्टच असतो. ओल्या पृष्ठभागावर तो क्षणार्धात पसरत नाही, आणि बाळाच्या पहिल्या श्वासाला तर क्षणार्धात पसरणाराच पदार्थ हवा. मेदाला पृष्ठभागावर झपाट्याने नेऊन पसरवणारा कोणीतरी दुसरा घटक फुफ्फुसात असलाच पाहिजे होता. १९७२ मध्ये स्टॉकहोममध्ये गोरान एन्हर्निंग आणि बेंग्ट रॉबर्टसन यांनी हेच सिद्ध केले. त्यांनी प्रौढ सशाच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेला संपूर्ण सरफॅक्टंट, त्यातल्या सगळ्या घटकांसह, अपुऱ्या दिवसांच्या सशाच्या पिल्लांच्या श्वासनलिकेत पहिल्या श्वासाआधी सोडला. पिल्लांची फुफ्फुसे फुलली. शुद्ध मेदाला जे जमले नव्हते ते या ‘अशुद्ध’ मिश्रणाला जमले.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागावर असताना फुफ्फुसाचे गुपित हाती लागले. ऑकलंडचे प्रसूतितज्ज्ञ ग्रॅहम लिगिन्स यांना प्रसूतीची कळ कशाने सुरू होते हे शोधायचे होते. त्यासाठी ते मेंढीच्या गर्भाला कॉर्टिकोस्टेरॉइड देत. मेंढीची गर्भावस्था सुमारे १५० दिवसांची असते. १२० दिवसांच्या आसपास जन्मलेले कोकरू जगणे शक्यच नव्हते. पण औषध दिलेले असे एक कोकरू श्वास घेत होते, आणि त्याच्या फुफ्फुसात काही भागात हवा भरलेली आढळली. ज्या वयात फुफ्फुस दगडासारखे घट्ट असायला हवे त्या वयात ते अंशतः फुलले होते. १९६९ मध्ये लिगिन्स यांनी प्रसूतीवरचा आपला लेख छापला आणि त्यात या निरीक्षणाची नोंद केली. मग रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञाबरोबर त्यांनी २८२ गर्भवतींवर चाचणी घेतली. त्यांतल्या अचानक मुदतपूर्व कळा लागलेल्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या आठवड्यातला मृत्युदर १५ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आला. १९७२ चा हा निष्कर्ष सर्वत्र रूढ व्हायला पुढे वीस वर्षे गेली. त्या वीस वर्षांत जी बाळे वाचू शकली असती त्यांचा विचार केला की मन विषण्ण होते.

स्टेरॉइडने गर्भाच्या फुफ्फुसात नेमके काय घडते, हा प्रश्न मात्र जनुकांचा होता आणि त्याचे उत्तर द्यायला प्रथिने हाती असणे गरजेचे होते. ती हाती येऊ लागली कुत्र्याच्या फुफ्फुसातून. १९७३ मध्ये रिचर्ड किंग, क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या सरफॅक्टंटमधून सुमारे ३५ हजार डाल्टन वजनाचे एक प्रथिन वेगळे केले. रक्तातली प्रथिने धुऊन काढली तरी हे मेदाला चिकटून राही, म्हणजे ते फुफ्फुसाचेच होते. हेच पुढे एसपी-ए झाले. सरफॅक्टंटमधल्या प्रथिनांत याचाच वाटा सर्वांत मोठा, त्यामुळे सगळ्या प्रयोगशाळा याच्याच मागे लागल्या.

दरम्यान जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी गाईच्या फुफ्फुसाचा सरफॅक्टंट सेंद्रिय द्रावकाने काढला आणि त्यात थोडे मेद मिसळून औषध बनवले. १९८० मध्ये त्यांनी हे औषध दहा आजारी बाळांच्या श्वासनलिकेत सोडल्याचे वृत्त ‘लॅन्सेट’मध्ये आले. निळी पडलेली बाळे काही तासांत गुलाबी झाली. सेंद्रिय द्रावकात एसपी-ए विरघळत नाही. म्हणजे फुजिवारांच्या औषधात ते प्रथिन नव्हतेच, आणि तरी औषध लागू पडत होते. मग त्या ‘मेदा’त असे काय होते?

प्रथिने पाण्याच्या बाजूला जातात आणि मेद क्लोरोफॉर्मच्या बाजूला, हा प्रयोगशाळेतला रोजचा अनुभव. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेल्या भागात प्रथिन शोधायला सहसा कोणी जात नाही. १९८६-८७ च्या सुमारास सिनसिनाटीत जेफ्री व्हिट्सेट, स्टॉकहोममध्ये तोरे कर्स्टेड आणि सॅन फ्रान्सिस्कोत क्लेमेंट्स यांचा गट यांनी याच भागात दोन चिमुकली, पाण्याचा तिटकारा असणारी प्रथिने पकडली. एक ७९ अमिनो आम्लांचे, दुसरे ३५ च्या आसपास. दुसऱ्याची बहुतेक साखळी व्हॅलिनसारख्या तेलकट अमिनो आम्लांची आणि वर दोन पामिटिक आम्ले जोडलेली, म्हणजे ते स्वतःच जवळजवळ मेद. ही दोन प्रथिने शुद्ध मेदात मिसळली की तो पाण्यावर काही सेकंदांत पसरू लागे. १९८८ मध्ये कॅनडाचे फ्रेड पॉसमेयर यांनी सुचवलेली नावे रूढ झाली: कुत्र्यात सापडलेले ते एसपी-ए, या दोघांपैकी ७९ चे ते एसपी-बी आणि दुसरे एसपी-सी. त्याच सुमारास उंदराच्या टाइप टू पेशींतून सापडलेले चौथे प्रथिन एसपी-डी ठरले.

आता जनुकांकडे जाणे शक्य झाले. १९८५ मध्ये कुत्र्याच्या एसपी-एची संपूर्ण साखळी त्याच्या आरएनएवरून, म्हणजे जनुकाच्या नकलेवरून, वाचली गेली आणि माणसाचे एसपी-ए जनुकही वेगळे झाले. १९८७ मध्ये एसपी-बी आणि एसपी-सी यांची पाळी आली. माणसात एसपी-एची जनुके दोन, दहाव्या गुणसूत्रावर. कुत्रा, ससा, मेंढी आणि उंदीर यांच्यात मात्र एकच. एसपी-बीचे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर, एसपी-सीचे आठव्या. एसपी-बी प्रथम ३८१ अमिनो आम्लांचे लांबलचक प्रथिन म्हणून तयार होते आणि टाइप टू पेशी त्याची दोन्ही टोके कातरून ७९ चा तुकडा शिल्लक ठेवते. एसपी-सीही १९७ च्या साखळीतून असेच कातरले जाते. इतक्या लांब साखळीतून इतका लहान तुकडा काढण्याचा खटाटोप पेशीला करावा लागतो, कारण तयार एसपी-बी किंवा एसपी-सी मेदाच्या कोणत्याही पडद्यात घुसते. ते सुरक्षितपणे पेशीतल्या मेदाच्या कोठारापर्यंत न्यायचे तर वेष्टनातूनच न्यावे लागते.

जनुक ‘चालू’ आहे की नाही हे त्या काळी कसे ओळखत, ते पाहण्यासारखे आहे. सशाची गर्भावस्था ३१ दिवसांची. डलासमध्ये कॅरोल मेंडेलसन यांच्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या दिवसांच्या गर्भांची फुफ्फुसे घेतली जात. ऊती द्रवरूप नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवायची, कारण आरएनए तोडणारी विकरे जिथेतिथे असतात आणि थोडा उशीर झाला तरी नमुना वाया जातो. मग तीव्र मीठद्रावणात ऊती कुटून आरएनए वेगळा काढायचा, जेलमध्ये विजेच्या प्रवाहाने तो आकारमानाप्रमाणे पसरवायचा आणि जेलवरून नायट्रोसेल्युलोजच्या कागदावर उतरवायचा. त्या कागदावर किरणोत्सारी फॉस्फरस लावलेला एसपी-एचा पूरक डीएनए सोडायचा, तो आपला जोडीदार आरएनए शोधून त्याला चिकटतो. शेवटी कागद एक्स-रे फिल्मला लावून ती फ्रीझरमध्ये ठेवायची. फिल्म धुतली की २१ व्या दिवसाच्या रकान्यात काहीच नसते, २४ व्या दिवशी पुसट रेघ उमटते आणि २८ व्या दिवसाच्या रकान्यात ठसठशीत काळा पट्टा दिसतो. गर्भावस्थेचा तीन चतुर्थांश भाग सरला की सशाचे फुफ्फुस एसपी-एचा आरएनए बनवू लागते आणि प्रसूतीच्या तीन दिवस आधी त्याची पातळी शिखरावर पोहोचते. जन्माची तयारी इतकी वेळ पाळून चालते, हे त्या फिल्मवर डोळ्यांनी पाहता येते.

सगळी जनुके मात्र एकाच वेळापत्रकावर चालत नाहीत. उंदराच्या गर्भात एसपी-सीचा आरएनए फुफ्फुसाचा अंकुर फुटतो त्याच सुमारास दिसू लागतो, म्हणजे श्वासाला अजून आठ-नऊ दिवस अवकाश असताना. माणसाच्या गर्भातही एसपी-बी आणि एसपी-सीचे आरएनए तिसऱ्या महिन्याच्या आसपास आढळतात, पण कातरून तयार झालेले प्रथिन त्यानंतर कित्येक आठवड्यांनी येते. आरएनए आहे म्हणजे प्रथिन आहे असे नाही, हा धडा इथे मिळाला. सहाव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचे जनुक जागे असते, पण त्याचा माल तयार झालेला नसतो.

ठिकाणांचाही असाच हिशेब निघाला. फुफ्फुसाचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर खुणेचा डीएनए सोडला की कोणत्या पेशीत कोणते जनुक चालू आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एसपी-सी फक्त टाइप टू पेशीत. एसपी-ए, एसपी-बी आणि एसपी-डी मात्र श्वासनलिकांच्या टोकांच्या क्लब पेशींतही. एसपी-सी इतके एकनिष्ठ असल्यामुळे त्याच्या जनुकाच्या पुढचा डीएनएचा पट्टा संशोधकांचे लाडके हत्यार बनला. १९९० पासून कोणतेही जनुक उंदराच्या फुफ्फुसाच्या आवरणपेशींत चालवायचे तर त्याच्यापुढे हा पट्टा जोडतात. या जनुकांना जागे करणारा एक प्रमुख घटक १९९४ च्या सुमारास हाती आला: टीटीएफ-१ हे प्रथिन, जे मुळात थायरॉइड ग्रंथीत ओळखले गेले होते. १९९६ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना थायरॉइड नव्हती, आणि फुफ्फुसांच्या जागी नुसत्या पिशव्या होत्या.

लिगिन्स यांच्या कोकराचे कोडेही याच पद्धतींनी उलगडत गेले. स्टेरॉइडमुळे एसपी-बीच्या जनुकाची नक्कल जास्त होते आणि तयार झालेला आरएनए जास्त वेळ टिकतो. एसपी-एच्या बाबतीत मात्र मामला गुंतागुंतीचा निघाला. मात्रा आणि वेळ यांवर अवलंबून तेच औषध कधी आरएनए वाढवते, कधी कमी करते. आईला दिलेल्या इंजेक्शनने बाळाचे फुफ्फुस लवकर पिकते, एवढ्या साध्या वाक्यामागे इतके बारकावे आहेत.

तोवर औषधे बाजारात आली होती. क्लेमेंट्स यांनी प्रथिनाविना बनवलेले कृत्रिम एक्झोसर्फ १९९० मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. फुजिवारांच्या वाटेने गाईच्या फुफ्फुसातून बनलेले सर्व्हँटा १९९१ मध्ये आले. युरोपात डुकराच्या फुफ्फुसातून काढलेले क्युरोसर्फ. त्याच्या नावात कर्स्टेड आणि रॉबर्टसन या दोघांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. प्रथिन नसलेले एक्झोसर्फ सावकाश लागू पडे, प्राणिजन्य औषधे लगेच. फरक होता तो मुख्यतः शेकडा एक-दोन भाग भरणाऱ्या एसपी-बी आणि एसपी-सीचा. डॉक्टरांचा कल प्राणिजन्य औषधांकडे वळला आणि एक्झोसर्फ मागे पडले.

या प्रथिनांपैकी कशावाचून अडते, याचा निकाल एका शोकांतिकेतून लागला. १९९३ मध्ये लॉरेन्स नोगी, हार्वी कोल्टन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. पूर्ण दिवसांची, दिसायला धडधाकट बाळे जन्मत आणि जन्मताच त्यांना धाप लागे. कोणतेही औषध त्यांना तारू शकले नाही. त्यांच्या फुफ्फुसाच्या ऊतीत एसपी-बी नव्हते आणि त्याचा आरएनएही नव्हता. पुढच्याच वर्षी जनुकातला दोष सापडला: १२१ व्या जागी एका अक्षराऐवजी तीन अक्षरे, आणि त्यापुढचा सारा मजकूर बिघडलेला. आईवडील दोघांकडून हे सदोष जनुक आले तरच बाळ आजारी पडते.

उंदरांनी याला दुजोरा दिला. १९९५ मध्ये सिनसिनाटीत एसपी-बीचे जनुक मोडलेले उंदीर तयार झाले. पिल्ले पूर्ण वाढलेली जन्मली, श्वास घेण्यासाठी धडपडली आणि मेली. त्यांच्या टाइप टू पेशींत मेदाची कोठारे नीट बनलेली नव्हती, आणि एसपी-सीचे कातरणेही अपुरे राहिले होते. एसपी-बी फुफ्फुसाच्या पृष्ठभागावर तर काम करतेच, पण पेशीच्या आत सरफॅक्टंटची बांधणीही त्याच्याच हाती असते, हे तेव्हा कळले. पुढे प्रौढ उंदरांत हे जनुक हवे तेव्हा बंद करून पाहिले गेले. एसपी-बी पाव हिश्शाच्या खाली गेले की श्वसन कोलमडते.

आता एसपी-ए. १९९६ मध्ये ते नसलेले उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लेही झाली. श्वासाला काही अडचण नाही. मात्र फुफ्फुसात जंतू सोडले की ते त्यांना लवकर हटवता येत नव्हते. एसपी-ए आणि एसपी-डी जंतूंच्या आवरणावरची शर्करा पकडून त्यांना भक्षक पेशींच्या हवाली करतात. ती श्वासापेक्षा संरक्षणाची प्रथिने. एसपी-डी नसलेल्या उंदरांत, १९९८ मध्ये दिसले त्याप्रमाणे, मेद साचत जातो आणि भक्षक पेशी फुगून फेसाळ होतात. एसपी-सी नसलेले उंदीर २००१ मध्ये आले. त्यांचे श्वसन बरे चालले, पण त्याच वर्षी माणसात एसपी-सीच्या सदोष जनुकामुळे आई आणि बाळ दोघांनाही फुफ्फुसाचा जीर्ण विकार झाल्याचे आढळले. इथे प्रथिन नसण्यापेक्षा वाकडे बनलेले प्रथिन पेशीत अडकून राहणे जास्त घातक ठरते. वीस वर्षे ज्याचा सर्वाधिक अभ्यास झाला ते एसपी-ए फुफ्फुसाचे पहारेकरी निघाले, आणि मेदाबरोबर फेकले जाणारे एसपी-बी फुफ्फुसाचा प्राण.

ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील संशोधकांनी हा शोध सस्तन प्राण्यांच्या पलीकडे नेला. क्वीन्सलँडच्या नद्यांत राहणाऱ्या फुफ्फुसमाशात त्यांना एसपी-एसारखे प्रथिन सापडले. गोल्डफिशच्या वायुपिशवीतही ते आढळले. म्हणजे सरफॅक्टंटची प्रथिने पृष्ठवंशी प्राणी जमिनीवर येण्याआधीपासूनची आहेत. हवेने भरलेली कोणतीही ओली पिशवी उघडी ठेवायची तर त्यांची गरज होती.

भारतात या संशोधनाचा सर्वांत स्वस्त भाग गावापर्यंत पोहोचला आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झालेल्या मातेला डेक्सामेथासोन दिले जाते, आणि पुढच्या रुग्णालयात पाठवण्याआधी त्याची पहिली मात्रा आरोग्य उपकेंद्रातली परिचारिकाही देऊ शकते. बारा-बारा तासांच्या अंतराने सहा मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, एवढाच तो उपचार. सरफॅक्टंटची कुपी मात्र महाग आहे. ती परवडावी म्हणून देशात शेळीच्या फुफ्फुसातून असे औषध बनवण्याचे प्रयत्नही झाले.

प्राण्यांच्या फुफ्फुसाची गरजच संपवण्यासाठी एसपी-बीची नक्कल करणारा एक छोटा पेप्टाइड बनवला गेला. तो असलेले औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि २०१५ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. एसपी-बी आणि एसपी-सी या दोघांच्या प्रतिकृती असलेले कृत्रिम औषधही चाचण्यांपर्यंत आले आहे. नवजातांच्या कक्षात आज वापरले जाणारे बहुतेक सरफॅक्टंट अजूनही डुकराच्या किंवा गाईच्या फुफ्फुसातूनच येते.